विश्लेषण : पडद्यावरच्या गर्दीतील चेहरा कुणाच्या मालकीचा?

भारताच्या कॉपीराइट कायद्यात कलाकार कोणाला म्हणायचे, याची यादी दिलेली आहे. तीत अभिनेता, गायक, वादक, नर्तक आहेतच. पण कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारी व्यक्तीही आहे. मात्र चित्रपटात नायकाच्या मागे भाजी घेणारा, न्यायालयाच्या दृश्यात बाकावर बसलेला किंवा वरातीत नाचणारा माणूस या यादीत बसेलच असे नाही. श्रेयनामावलीत ज्याची नोंद होत नाही, तो कायद्याच्या बहुतेक कलमांपुरता कलाकारच नाही. इतकी वर्षे हा तपशील वकिलांपुरताच होता. आता मात्र माणसाचा चेहरा, आवाज आणि चालण्याची ढब थोड्या वेळात संगणकात उतरवता येते आणि नंतर ती कितीही वेळा वापरता येते. चित्रपट आणि व्हिडीओ गेममधील दुय्यम पात्रांचे काम काय, त्यांची पायरी कोण ठरवते आणि एआयचा पहिला फटका त्यांनाच का बसतो आहे, याचा हा आढावा.

दुय्यम पात्रांची उतरंड कशी असते?

मराठी संगीत नाटकांच्या काळापासून ‘भालदार-चोपदाराचे काम’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे रूढ आहे. रंगमंचावर उभे राहायचे, ललकारी द्यायची आणि निघून जायचे, इतकेच ते काम. चित्रपटात ही उतरंड अधिक बारीक झाली. सर्वात वर नायक-नायिका आणि खलनायक. त्यानंतर कथेला वळण देणारी सहाय्यक पात्रे. मग आई, वडील, पोलीस निरीक्षक, डॉक्टर, वकील अशा ठरावीक भूमिका करणारे चरित्र अभिनेते. त्याखाली एखाद-दुसरा संवाद असलेली छोटी कामे आणि सर्वात खाली गर्दी. या गर्दीतील लोकांना पूर्वी सर्रास ‘एक्स्ट्रा’ म्हटले जाई. ‘एक्स्ट्रा’ म्हणजे जास्तीचा, नसला तरी चालेल असा. त्यामुळे हा शब्द मागे पडून ‘ज्युनिअर आर्टिस्ट’ हा शब्द आला. मुंबईत या कलाकारांच्या ज्युनिअर आर्टिस्ट असोसिएशन आणि महिला कलाकार संघ या संघटना आहेत. शब्द बदलला, तरी काम रोजंदारीचेच राहिले.

व्हिडीओ गेममध्येही अशीच शिडी आहे. ज्याला आपण चालवतो ते मुख्य पात्र. बाकीची सगळी पात्रे म्हणजे ‘एनपीसी’, अर्थात ‘नॉन-प्लेयर कॅरेक्टर’. खेळाडूच्या हातात नसलेली पात्रे. ही संज्ञा संगणकाच्या आधीची, टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाप्रधान खेळांतली आहे. १९७४ मध्ये आलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा त्यातला सर्वात प्रसिद्ध खेळ. त्यात खेळाडू आपापले पात्र सांभाळतात आणि दुकानदार, पहारेकरी, गावकरी अशा बाकी सगळ्यांच्या तोंडची वाक्ये खेळ चालवणारा एकटा माणूस बोलतो. संगणकावरच्या गेममध्ये त्या माणसाची जागा प्रोग्रॅमने घेतली. नायकासोबत चालणारा साथीदार, कामगिरी सोपवणारा म्हातारा, शस्त्रे विकणारा दुकानदार आणि रस्त्यावरून नुसते ये-जा करणारे लोक, असा त्यांचा उतरता क्रम असतो. मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्यांना याच कुळातला ‘बॉट’ चांगलाच परिचयाचा आहे. समाजमाध्यमांवर स्वतःचे डोके न चालवता वागणाऱ्याला ‘एनपीसी’ म्हणून हिणवले जाते, तेही यातूनच आले.

ही पायरी ठरते कशी?

भूमिकेचे महत्त्व आणि तिची पायरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पायरी ठरते ती करारातील पैशांवर, जाहिरातीतील नावाच्या जागेवर आणि पडद्यावरच्या वेळेवर. पुरस्कारांचा इतिहास पाहिला, तर सहाय्यक कलाकारांना बरोबरीचा मान मिळायलाही बराच काळ गेल्याचे दिसते. ऑस्कर पुरस्कारांचा पहिला सोहळा १९२९ मध्ये झाला. सहाय्यक अभिनेता आणि अभिनेत्री हे विभाग मात्र १९३६ च्या चित्रपटांपासून, म्हणजे १९३७ च्या सोहळ्यात सुरू झाले. तेव्हाही त्यांना प्रसिद्ध सोनेरी बाहुली मिळत नसे. एक फलक दिला जाई. ‘गॉन विथ द विंड’मधील भूमिकेसाठी १९४० मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार हॅटी मॅकडॅनिअल यांच्या हातातही फलकच पडला. पूर्ण आकाराची बाहुली सहाय्यक कलाकारांना मिळू लागली ती १९४४ पासून. याच विभागात पुढे ‘नेटवर्क’ या १९७६ च्या चित्रपटासाठी बिअॅट्रिस स्ट्रेट यांना ऑस्कर मिळाले. त्या पडद्यावर जेमतेम पाच मिनिटे होत्या.

भारतात फिल्मफेअर पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले आणि सहाय्यक कलाकारांचा विचार पुढच्या वर्षी झाला. ‘बादबान’साठी सहाय्यक अभिनेत्रीचा पहिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तो उषा किरण यांना. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत हा विभाग आला १९८४ च्या चित्रपटांपासून. ‘पार्टी’साठी रोहिणी हट्टंगडी आणि ‘घरे बाइरे’साठी व्हिक्टर बॅनर्जी हे त्याचे पहिले मानकरी. म्हणजे राष्ट्रीय पुरस्कार सुरू होऊन तीन दशके झाल्यावर सहाय्यक कलाकारांना स्वतंत्र जागा मिळाली.

पायरी एका दिवसात घसरू शकते, याचे ठळक उदाहरण म्हणजे ललिता पवार. १९४० च्या दशकात चित्रीकरणादरम्यान बसलेल्या एका थपडेमुळे त्यांच्या चेहऱ्याला आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. नायिकेच्या भूमिका थांबल्या. पुढे खाष्ट सासू आणि करड्या स्वभावाच्या स्त्रिया त्यांनी अशा उभ्या केल्या, की त्यांच्या नायिकेच्या भूमिका आज फारशा कुणाला आठवत नाहीत, सासू मात्र सर्वांना आठवते. ‘अनाडी’तील वरून कठोर, आतून मायाळू मिसेस डिसा या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

मोजक्या मिनिटांत पात्र लक्षात का राहते?

१५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला ‘शोले’ हा या प्रश्नाचा उत्तम धडा आहे. मॅक मोहन यांनी साकारलेला सांभा डोंगरकड्यावर बंदूक घेऊन बसतो आणि मोजकेच शब्द बोलतो. पण ते शब्द गब्बरच्या तोंडी असते तर ती बढाई ठरली असती. आपल्या डोक्यावरचे इनाम गब्बर दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतो, तेव्हा ती दहशत होते. विजू खोटे यांच्या कालियाचे कामही असेच. गब्बर आपल्याच माणसांशी असा वागतो, तर गावकऱ्यांचे काय करेल, हे प्रेक्षकाला कालियाच्या घाबरलेल्या चेहऱ्यावरून कळते. ए. के. हनगल यांच्या रहीमचाचांमुळे रामगढ हे नुसते नेपथ्य राहत नाही. तिथे कुणाचे तरी काहीतरी कायमचे गमावले जाऊ शकते, हे जाणवते. केश्तो मुखर्जी यांचा हरिराम न्हावी आणि असरानी यांचा जेलर तुरुंगाच्या प्रसंगात जान आणतात. जगदीप यांचा सूरमा भोपाली इतका लोकप्रिय झाला, की १९८८ मध्ये त्याच नावाचा स्वतंत्र चित्रपट आला.

दुय्यम पात्राची तीन कामे यातून दिसतात. पहिले, मुख्य पात्राबद्दलची माहिती त्याने स्वतः न सांगता प्रेक्षकापर्यंत पोहोचवणे. दुसरे, धोका किंवा दुःख किती मोठे आहे याचे माप देणे. तिसरे, या जगात नायकाशिवायही माणसे राहतात, असा विश्वास निर्माण करणे. वेळ कमी असल्याने हे सगळे एका ठळक खुणेवर करावे लागते. बसण्याची जागा, बोलण्याची लकब, एखादी सवय. तमाशातल्या गवळणीत मावशी आणि पेंद्या हेच करतात. कृष्ण मध्यभागी असतो, हशा मात्र हे दोघे घेऊन जातात.

गेममधील दुय्यम पात्रे ‘जगतात’ कशी?

गेममध्ये ही ठळक खूण म्हणजे वागण्याचा नियम. १९८० मध्ये जपानच्या तोरू इवातानी यांनी तयार केलेला ‘पॅक-मॅन’ आजही त्याचा नमुना म्हणून शिकवला जातो. त्यातली चार भुते दिसायला सारखीच, फक्त रंग वेगळे. पण लाल भूत थेट पाठलाग करते. गुलाबी भूत आपण आता आहोत तिथे येत नाही. आपण जिथे पोहोचणार आहोत, त्या पुढच्या जागेवर नेम धरते. निळ्या भुताचा रस्ता आपली आणि लाल भुताची जागा पाहून ठरतो. नारिंगी भूत दूर असताना मागे लागते आणि जवळ आले की माघार घेऊन आपल्या कोपऱ्याकडे वळते. चार छोटे नियम आणि खेळणाऱ्याला वाटते, की हा आक्रमक, ही धूर्त, तो लहरी, हा भित्रा. स्वभाव लिहिलेलाच नाही. तो आपण त्यांना बहाल करतो.

कधी दुय्यम पात्र तांत्रिक अडचणीतून जन्माला येते. १९८३ च्या ‘मारिओ ब्रदर्स’मध्ये दुसऱ्या खेळाडूसाठी पात्र हवे होते, पण यंत्राची स्मृती तुटपुंजी होती. म्हणून मारिओचेच चित्र रंग बदलून वापरले गेले आणि लुइजी तयार झाला. पुढे त्याला उंची मिळाली, वेगळी उडी मिळाली, भित्रेपणा मिळाला. २००१ मध्ये ‘लुइजीज मॅन्शन’ हा त्याचा स्वतःचा गेम आला आणि २०१३ हे निन्टेंडोने ‘लुइजीचे वर्ष’ म्हणून साजरे केले. ‘हाफ-लाइफ २’ या २००४ च्या गेममध्ये नायकाला साथ देणारी अॅलिक्स व्हॅन्स २०२० च्या ‘हाफ-लाइफ : अॅलिक्स’मध्ये स्वतःच नायिका झाली.

२००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये गावकऱ्यांना दिनक्रम दिला गेला. ते सकाळी उठतात, कामाला जातात, जेवतात, झोपतात. आपण दुकानात रात्री गेलो, तर दुकान बंद असते. त्याहून पुढचे पाऊल टाकले ते ‘मिडल-अर्थ : शॅडो ऑफ मॉर्डोर’ने २०१४ मध्ये. त्यातील ‘नेमेसिस’ पद्धतीत शत्रूच्या फौजेतील कुणीही फालतू शिपाई आपल्याला मारू शकतो. तसे झाले, की त्याला नाव मिळते, बढती मिळते आणि पुढच्या भेटीत तो मागच्या लढाईची आठवण काढून आपल्याला डिवचतो. सर्वात खालच्या पायरीवरचे पात्र खेळणाऱ्याच्या चुकीमुळे वर चढते, ही कल्पना गेमप्रेमींना फारच भावली. मात्र वॉर्नर ब्रदर्सला २०२१ मध्ये या पद्धतीचे पेटंट मिळाले आणि ती घडवणारा मोनोलिथ हा स्टुडिओ फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने बंद केला.

पडद्यावरची गर्दी उभी कशी राहते?

रिचर्ड अॅटनबरो यांच्या ‘गांधी’तील अंत्ययात्रेचे दृश्य दिल्लीत ३१ जानेवारी १९८१ रोजी, गांधीजींच्या प्रत्यक्ष अंत्यविधीला ३३ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी चित्रित झाले. त्यात तीन लाखांच्या आसपास लोक होते आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. यातील ९४,५६० जणांना थोडा मोबदला देण्यात आला, तर दोन लाखांहून अधिक लोक स्वेच्छेने आले. चित्रपटात हे दृश्य जेमतेम दोन मिनिटांचे आहे.

दोन दशकांनी गर्दीचे गणित बदलले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांसाठी न्यूझीलंडच्या स्टीफन रेगेलस यांनी ‘मॅसिव्ह’ हे सॉफ्टवेअर तयार केले. त्यातला प्रत्येक डिजिटल सैनिक आजूबाजूला कोण आहे ते ‘पाहतो’ आणि त्यानुसार तलवार उचलायची की ढाल, हे स्वतः ठरवतो. एका सुरुवातीच्या चाचणीत काही सैनिक रणांगणातून पळताना दिसले. ते भित्रे असल्याची गोष्ट पुढे बरीच पसरली. प्रत्यक्षात त्यांच्या समोर शत्रूच येत नव्हता, म्हणून ते धावतच राहिले होते. ‘द टू टॉवर्स’ या २००२ च्या चित्रपटातील हजारो ऑर्क सैनिकांचा वेढा या तंत्रातून उभा राहिला. पण या सैनिकांच्या हालचाली हवेतून आलेल्या नव्हत्या. अंगावर खुणा लावलेल्या खऱ्या माणसांच्या चालण्या-पडण्या-लढण्याचे ध्वनिमुद्रणासारखे ‘चलनमुद्रण’ करून त्या घेतल्या होत्या.

गेममध्येही तेच. २०१८ च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’साठी सुमारे १,२०० कलाकारांनी काम केले आणि त्यातील ७०० जणांना संवाद होते, असे निर्मात्यांनी सांगितले होते. आपण घोड्यावरून ज्याच्या शेजारून जातो आणि जो नुसता टोपी उचलून नमस्कार करतो, त्याच्यामागेही कुणीतरी दिवसभर स्टुडिओत काम केलेले असते. डिजिटल गर्दी म्हणजे माणसांशिवायची गर्दी नव्हे. माणसे फक्त आणखी एक पायरी मागे गेलेली असतात.

मग एआयमुळे नेमके काय बदलले?

पूर्वी एका माणसाच्या हालचालीतून एक हालचाल मिळे. आता एका माणसाच्या स्कॅनमधून, तो हजर नसताना, त्याने कधीच न केलेल्या हालचाली आणि न उच्चारलेली वाक्ये तयार करता येतात. नायकाच्या बाबतीत असे करणे अवघड असते. त्याच्याकडे वकील असतो, त्याचा चेहरा सगळे ओळखतात. गर्दीतल्या चेहऱ्याच्या बाबतीत यातले काहीच नसते. त्यामुळे तंत्रज्ञानाचा प्रयोग खालच्या पायरीपासून सुरू होतो.

अमेरिकेतील अभिनेत्यांच्या ‘सॅग-आफ्ट्रा’ या संघटनेने १४ जुलै २०२३ रोजी संप पुकारला, तेव्हा हाच मुद्दा ऐरणीवर आला. पार्श्वभूमीवरील कलाकारांना स्कॅन करायचे, एका दिवसाचा मेहनताना द्यायचा आणि ते स्कॅन कंपनीने कायमचे ठेवायचे, असा प्रस्ताव स्टुडिओंनी ठेवल्याचा आरोप संघटनेने केला. स्टुडिओंच्या संघाने तो फेटाळला आणि वापर त्या चित्रपटापुरताच असेल, असे सांगितले. संप ११८ दिवस चालला. त्यानंतरच्या करारानुसार डिजिटल प्रतिरूप तयार करण्याआधी कलाकाराला सूचना देणे आणि त्याची स्पष्ट संमती घेणे बंधनकारक झाले. ठरावीक संख्येत खरे कलाकार घ्यायचे बंधन चुकवण्यासाठी अशी प्रतिरूपे वापरता येणार नाहीत, असेही ठरले. संप सुरू असतानाच ‘प्रॉम पॅक्ट’ या डिस्नेच्या चित्रपटातील प्रेक्षागृहाचे एक दृश्य समाजमाध्यमांवर फिरले. खऱ्या माणसांच्या रांगेत बसवलेल्या डिजिटल माणसांचे चेहरे आणि टाळ्या इतक्या कृत्रिम होत्या, की त्यांचीच चर्चा झाली.

गेमच्या क्षेत्रातील संप त्याहून लांबला. तो २६ जुलै २०२४ रोजी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये थांबला. आवाज देणाऱ्यांइतकाच प्रश्न होता हालचाली देणाऱ्यांचा. राक्षसाची चाल, जखमी सैनिकाचे कोसळणे हे ज्यांच्या अंगातून येते, त्यांचा चेहरा वा आवाज गेममध्ये दिसत-ऐकू येत नाही. काही कंपन्या या कामाकडे अभिनय म्हणून न पाहता निव्वळ विदा म्हणून पाहतात, असा संघटनेचा आक्षेप होता. जुलै २०२५ मध्ये सदस्यांनी नवा करार सुमारे ९५ टक्के मतांनी मंजूर केला. त्यात १५ टक्क्यांहून अधिक तत्काळ वेतनवाढ आणि प्रतिरूपासाठी संमती व माहिती देण्याच्या तरतुदी आहेत.

दुसरीकडे, ठरलेल्या संवादांऐवजी आपल्याशी मोकळेपणी बोलणारे एनपीसी तयार करण्याचे प्रयोगही वेगाने सुरू आहेत. एन्व्हिडियाने २०२३ मध्ये आणि युबिसॉफ्टने २०२४ मध्ये अशी पात्रे दाखवली. मे २०२५ मध्ये ‘फोर्टनाइट’मध्ये एआयवर चालणारा डार्थ व्हेडर आला. दिवंगत अभिनेते जेम्स अर्ल जोन्स यांचा आवाज त्यांच्या कुटुंबीयांच्या संमतीने वापरला होता. काही तासांतच खेळाडूंनी व्हेडरच्या तोंडून शिव्या वदवून घेतल्या आणि कंपनीला घाईने दुरुस्ती करावी लागली. सॅग-आफ्ट्राने याविरुद्ध तक्रार दाखल केली. संमती घेणे वा नाकारणे हा कुटुंबाचा हक्क संघटनेने मान्य केला. मात्र मानवी कलाकारांचे काम एआयला देण्याआधी संघटनेशी वाटाघाटी व्हायला हव्या होत्या, असे तिचे म्हणणे होते.

भारतातील कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. सादरकर्त्या कलाकारांना अधिक हक्क मिळाले, चित्रपटातील कामाच्या व्यावसायिक वापरातून स्वामित्वधनाचा मार्ग खुला झाला. त्याच दुरुस्तीत ‘कलाकार’ या व्याख्येला एक परंतुक जोडले गेले. चित्रपटातील ज्याचे काम प्रासंगिक किंवा आनुषंगिक स्वरूपाचे आहे आणि उद्योगाच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचा श्रेयनामावलीत वा अन्यत्र उल्लेख केला जात नाही, त्याला कलाकार मानले जाणार नाही, असे ते परंतुक सांगते. त्याला एकच अपवाद ठेवला आहे. सादरीकरणाची मोडतोड करून प्रतिष्ठेला बाधा आणली, तर असा कलाकारही दाद मागू शकतो.

त्यामागचा तेव्हाचा विचार समजण्यासारखा आहे. रस्त्यावरच्या गर्दीतील प्रत्येकाला स्वामित्वधन द्यायचे, तर निर्मात्याला हिशेब ठेवणे अशक्य. पण २०१२ मध्ये ज्युनिअर आर्टिस्टचे काम त्या दिवशीच्या पाळीबरोबर संपत होते. आज स्कॅन झाले, तर ते संपतेच असे नाही. चेहऱ्याचे स्कॅन हे ‘सादरीकरण’ ठरते का, आणि त्यातून तयार झालेली नवी हालचाल ही जुन्या सादरीकरणाची ‘मोडतोड’ आहे की पूर्णपणे नवी निर्मिती, याचे थेट उत्तर या कलमात नाही.

दुसरा मार्ग व्यक्तिमत्त्व हक्काचा. अनिल कपूर यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आणि गायक अरिजित सिंग यांना मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये असे संरक्षण दिले. त्यांचा चेहरा किंवा आवाज विनापरवानगी वापरण्यास मनाई केली. पण या दाव्यांचा पाया प्रसिद्धी हा असतो. माझा चेहरा लोक ओळखतात आणि त्याला बाजारात किंमत आहे, हे दाखवावे लागते. ज्याला कुणी ओळखू नये हेच ज्याचे काम आहे, त्याने ते कसे दाखवायचे? तिसरा मार्ग डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ चा. त्यानुसार विशिष्ट कारणासाठी, समजावून सांगून घेतलेली संमतीच ग्राह्य असते आणि ती मागे घेता येते. चेहऱ्याच्या स्कॅनला हे लागू पडू शकते. मात्र हा कायदा खासगीपणाचा आहे; पुन्हा वापर झाला तर किती पैसे मिळावेत, हे तो सांगत नाही.

सेटवर स्कॅन करायला सांगितले, तर काय पाहावे?

कायदा स्पष्ट होईपर्यंत करारपत्रच कामाला येते. परदेशातील करारांतून पुढे आलेले प्रश्न इथेही विचारता येतात. स्कॅन नेमके कोणत्या चित्रपटासाठी, मालिकेसाठी किंवा गेमसाठी आहे? ते किती काळ ठेवले जाणार? दुसऱ्या भागात वा जाहिरातीत वापरले, तर वेगळा मोबदला मिळणार का? एआय प्रणालीला शिकवण्यासाठी किंवा दुसऱ्या कंपनीला देण्यासाठी ते वापरले जाणार का? काम संपल्यावर ते पुसले जाणार, हे कोण लेखी देणार? ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असे शब्द छापील करारात असतील, तर सही करण्यापूर्वी संघटनेला दाखवणे शहाणपणाचे. एकट्या ज्युनिअर आर्टिस्टला हे प्रश्न विचारणे सोपे नाही, कारण उद्याचे काम पुरवठादाराच्या फोनवर अवलंबून असते. म्हणूनच अमेरिकेतही ही लढाई एकेकट्याने झाली नाही, संघटनेने केली.

खालच्या पायरीवरच्या पात्राला कथेत न्याय मिळतो का?

अलीकडे कथाकारांचे लक्ष या पात्रांकडे वळले आहे. २००७ च्या ‘ओम शांती ओम’चा नायक सुरुवातीला ज्युनिअर आर्टिस्ट आहे. २०२१ च्या ‘फ्री गाय’मध्ये बँकेतला एक एनपीसी एके दिवशी ठरलेल्या चाकोरीबाहेर वागतो आणि अख्खा गेम हादरतो. २०२० मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘कामयाब’मध्ये संजय मिश्रा यांचा निवृत्त चरित्र अभिनेता आपले ४९९ चित्रपट झाल्याचे कळल्यावर पाचशेव्या भूमिकेच्या शोधात निघतो. तिन्ही चित्रपटांत प्रश्न एकच आहे. माणसाची मोजदाद त्याच्या पायरीवरून करायची का? गंमत अशी, की हे चित्रपट ज्यांच्याबद्दल आहेत, त्यांच्यापैकी अनेक जण त्याच चित्रपटांच्या गर्दीत, श्रेयनामावलीबाहेर उभे असू शकतात.

पुढे काय?

निर्मात्यांच्या दृष्टीने डिजिटल गर्दी स्वस्त आणि सोयीची आहे, आणि ती येणारच. पाचशे लोकांचे जेवण, कपडे, वाहतूक यांचा खर्च छोट्या मराठी चित्रपटाला परवडत नाही, हेही खरे. त्यामुळे प्रश्न तंत्रज्ञान थांबवण्याचा नाही. ज्याच्या देहावरून प्रतिरूप बनले, त्याची संमती, त्याचा मोबदला आणि त्याच्या नावाची नोंद या तीन गोष्टींचा आहे. यातील तिसरी सर्वात स्वस्त आहे. आता शेवटची पाटी कितीही लांब असली, तरी एकाही फुटाची फिल्म जास्त लागत नाही. ज्या परंतुकाने श्रेयनामावलीत नाव नसलेल्यांना व्याख्येबाहेर ठेवले, त्यात बदल होईल तेव्हा होईल. पण नाव पाटीवर आले, तर ‘उल्लेख केला जात नाही’ ही त्याची अट मात्र तिथेच अडखळते.